उद्गारचिन्हाचे मुनीर सर

आमच्या क्लासच्या स्टाफरूमचं दार वाऱ्यानं आपटायचं. एके दिवशी त्या दारात मुनीर सरांचं बोट सापडलं. "आउच," असं ते इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या वर्गातलं फिजिक्स थांबलं. मी कापूस घेऊन धावले. सरांनी बोट वर धरलं. रक्ताचा थेंब टेबलावर पडला आणि सर मला म्हणाले, "मॅडम, एक सांगा. मी आत्ता आउच म्हणलो, त्याच्यापुढं कॉमा येईल का उद्गारचिन्ह?"

"सर, आधी बोट द्या इकडं."

"बोट कुठं जातंय. नख गेलं असतं तर उद्गारचिन्ह. हे नुसतं सोललंय." त्यांनी बोट उजेडाकडं धरून नीट पाहिलं. "कॉमा. पण मी वराडलो उद्गारचिन्हासारखं. चुकलंच माझं."

हे आमचे मुनीर सर. मूळचे उदगीरचे. वडिलांचं तिथं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. टिकटिक ऐकत वाढलेला माणूस, त्यामुळे बारीक गोष्टीला जागच्या जागी बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. काही वर्षं ते नांदेडला शिकवत होते. तिथल्या क्लासच्या नोटीस बोर्डावर "ओह, स्टुडंट्स, फीस भरा" असं लिहिलेलं पाहून त्यांनी राजीनामा दिला म्हणे. मी विचारलं तर म्हणाले, "फीस मागताना कुणी ओह म्हणतं का? ओह हे आश्चर्याला असतंय. फीस मागण्यात आश्चर्य काय हाय?"

मी अहमदपूरची. बायलॉजी शिकवायला लातूरला आले तेव्हा क्लासेसचं नुसतं पीक आलं होतं. भूकंपानंतर जिल्ह्याचं नाव सगळ्यांना ठाऊक झालं होतं ते दगडामातीच्या ढिगाऱ्यांमुळं. आणि आता त्याच लातुरात अख्खा महाराष्ट्र ट्रंका आणि गाद्या घेऊन एसटीतून उतरत होता. ज्याच्याकडं एक मोकळी खोली तो मेसवाला, ज्याच्याकडं दोन तो हॉस्टेलवाला. फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी हे तीन देव. इंग्रजी म्हणजे देवळाबाहेर चपला सांभाळणारा. इंग्रजीच्या तासाला पोरं मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसत.

मुनीर सरांच्या तासाला मात्र बसत नसत. कारण मुनीर सर व्याकरण शिकवत नसत, ते करून दाखवत. इंग्रजीतली केवलप्रयोगी अव्ययं हा त्यांचा प्राण. वाव, अलास, हुर्रे, ओह, वेल, ब्राव्हो. बाकीचं सगळं व्याकरण ते भराभरा उरकत आणि ह्या चिमूटभर शब्दांशी येऊन मुक्काम ठोकत. "वेल" शिकवायचं तर ते वर्गाच्या दारातून आत येत, टेबलाला टेकत, "वेल" म्हणत आणि गप्प उभे राहत. पोरं वाट बघत. मग सर म्हणत, "आता तुमचा जो श्वास अडकला ना, त्याला कॉमा म्हणत्यात."

त्यांचं पालुपद एकच होतं. "आधी भाव, मग चिन्ह." भाव मोठा असेल तरच उद्गारचिन्ह. साधा असेल तर कॉमा. आणि एकापेक्षा जास्त उद्गारचिन्हं कुणी दिली तर सर खडू खाली ठेवून पोराकडं दुःखानं बघत. "बाळा, एका मयताला दोन जनाजे काढत्यात का?"

एकदा अहमदपूरकडच्या एका मुलीनं पेपरात लिहिलं होतं, हुर्रे, माझे आजोबा वारले. सरांनी तिला रागावलं नाही. स्टाफरूममध्ये बोलावून खुर्ची दिली.

"आजोबांनी शेत कुणाच्या नावावर केलंय?"

"आमच्या पप्पांच्या, सर."

"सगळं?"

"हाव. काकांना कायच न्हाई."

सरांनी तिचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. "मग भावाच्या दृष्टीनं बरोबर हाय. पण बोर्डाला तुमच्या घरातलं माहीत न्हाई. तिथं अलास लिही."

रजेच्या अर्जात कुणी "ओह सर" लिहिलं तर मात्र ते खवळत. "अर्जात हाय हुय करायची न्हाई. अर्ज कोरडा पाहिजे. भाकरीसारखा. तूप लावलेला अर्ज हातातून सटकतो." शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांचे अर्ज आधी सरांच्या हाताखालून जात आणि कोरडे होऊन बाहेर पडत.

सुट्टीत ते एसटीनं हिंडत. कशाला, तर माणसं दचकल्यावर काय म्हणतात ते ऐकायला. "उदगीरला बघा मॅडम, खड्ड्यात गाडी आदळली की सगळी एसटी अय्यो म्हणती. कर्नाटक जवळ ना. अहमदपूरकडं निघालं की अय्यो विरळ होत जातो. तुमच्या स्टँडवर उतरलं की चालू, आगं माय. आमच्या घरी या अल्ला. आणि चाकूरचा माणूस कायच म्हणत न्हाई. तो नुसता सीट धरतो." चाकूरच्या माणसाबद्दल त्यांना फार आदर होता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विषय काढला की म्हणत, "वेल," आणि पुढं काही बोलत नसत. क्लासच्या मागच्या बोळात त्यांची एक खोली होती. दुपारचा डबा मेसचा, रात्रीचाही मेसचाच.

आता निकालाच्या दिवसाची गोष्ट. त्या वर्षी आमच्या क्लासची निलंग्याकडची मुलगी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत फार वर आली. संचालक बिराजदार सर आनंदानं वेडे व्हायचे तेवढे बाकी होते. त्यांनी हलगीवाले बोलावले, गुलाल आणवला आणि तिन्ही मजले झाकतील एवढा पिवळाधमक फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर इंग्रजीत वाव, हुर्रे, अगेन लातूर असं लिहिलं होतं आणि प्रत्येक शब्दापुढं उद्गारचिन्हांची रांग होती, रेशनच्या दुकानापुढं असते तशी.

मुनीर सर रिक्षातून उतरले. मान वर करून त्यांनी फ्लेक्स वाचला. पुन्हा वाचला. मग समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पिवळ्या ऑइलपेंटचा डबा, ब्रश आणि उसनी शिडी घेऊन आले.

"सर, आज नको," मी म्हणाले. "आज लोक आहेत."

"लोक हायत म्हणून तर. एवढ्या लोकांनी वाचल्यावर ते खरं वाटायला लागतंय."

ते चढले. खाली हलगी कडाडत होती. पालकांना वाटलं, हा माणूस फ्लेक्सवरच्या मुलीच्या फोटोला हार घालायला निघालाय. टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी खालून सरांवर गुलाल उधळला. सरांचं कशाकडंही लक्ष नव्हतं. शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून, एका हातानं बांबू धरून, त्यांनी हुर्रेपुढचं शेवटचं उद्गारचिन्ह पुसलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्याही अलीकडचं. हलगीवाल्याला काय चाललंय ते कळलं असावं, कारण प्रत्येक चिन्ह पुसलं की तो एक जोरदार ठोका द्यायला लागला. लोक ठोक्यागणिक ओरडायला लागले. रस्ता बंद पडला. मी बायलॉजीची शांत बाई, पण मीही शिडीला खाली घट्ट धरून "सर, वाव राहिलंय, वाव" असं सांगत होते.

बिराजदार सर बाहेर आले आणि थिजले. "मुनीर सर, खाली या. काय करायलात तुम्ही?"

"एकेक ठेवलंय सर," वरून उत्तर आलं. "आनंद तेवढाच राहतो, कमी न्हाई होत."

संध्याकाळी सरांची नोकरी गेलीच असती. पण गर्दीतले एक पागोटेवाले गृहस्थ सरळ बिराजदार सरांच्या केबिनमध्ये शिरले. चाकूरचे होते. म्हणाले, "त्ये शिडीवरचे मास्तर हितंच शिकवत्यात ना? भर बाजारात स्वतःच्या दुकानाची चूक पुसणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. माझी पोरगी हितंच घाला." त्यांच्यामागून आणखी पालक आले. बिराजदार सरांनी मुनीर सरांसाठी चहा मागवला. पुढच्या आठवड्यात नवा फ्लेक्स लागला, "येथे चूक खपवून घेतली जात नाही", आणि पुढं पुन्हा तीन उद्गारचिन्हं. तो मराठीत होता म्हणून सरांनी सोडून दिला.

पण मला सांगायचंय ते ह्या चहाच्या वेळचं.

त्याच गर्दीतून एक बाई आपल्या मुलीला घेऊन प्रवेशासाठी आल्या होत्या. नाव सोजरबाई, गाव किल्लारीच्या बाजूचं. मुलगी महानंदा, नुकतीच दहावी झालेली, डोळ्यांत हुशारी. सोजरबाई स्टाफरूमच्या दारात थबकल्या. गुलालानं आणि पिवळ्या रंगानं माखलेले मुनीर सर बशीत चहा ओतत होते. बाई पुढं झाल्या आणि सरांच्या पायावर डोकं ठेवलं. सर असे उडाले की बशी फुटली.

"सर, तुम्ही मला न्हाई वळखलं. मी वळखलं," त्या म्हणाल्या. "भूकंपात आमच्याकडं गोऱ्या डाक्टर लोकांसंगं तुम्हीच आलता ना? बोलणं समजावून सांगायला?"

सर फुटक्या बशीचे तुकडे गोळा करायला वाकले. त्यांनी नुसती मान हलवली.

सोजरबाईंनी आम्हा सगळ्यांना सांगितलं. घर पडलं तेव्हा त्या लहानग्या महानंदाला घेऊन अंगणात झोपल्या होत्या, नवरा कामासाठी सोलापूरला. सासू घरात. त्यांच्या गल्लीत कुणी मदतीला आलंच नव्हतं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी गोरे लोक आले, आणि ह्या सरांनी त्यांना काहीतरी असं सांगितलं की ते सगळे हातातलं सोडून त्यांच्या घराचे दगड उचलायला लागले. "सासू जिती न्हाई मिळाली. पण मिळाली. गावात बाकीच्यांना एकत्र पेटवलं, बाई. माझ्या सासूला तिचं एकटीचं सरण मिळालं. ह्या देवमाणसामुळं."

केमिस्ट्रीचे सर चष्मा पुसायला लागले. मुनीर सर उठले, "येतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

मला ते मागच्या बोळात सापडले, आपल्या खोलीच्या पायरीवर बसलेले.

"मॅडम, ती बाई जे सांगती ते खोटं हाय," ते म्हणाले. "म्हणजे ती खोटं बोलत न्हाई. तिला माहीत न्हाई."

आणि त्यांनी सांगितलं. तेव्हा ते नुकतेच बीए झालेले होते. इंग्रजी येतं म्हणून त्यांना त्या परदेशी पथकाबरोबर धाडलं होतं. त्या लोकांचं इंग्रजीही आपल्यासारखंच उसनं होतं. सोजरबाई ढिगाऱ्यावर बसून एकच म्हणत होत्या, "आगं माय, आगं माय." पथकाच्या म्होरक्यानं विचारलं, ही काय म्हणते आहे?

"आता आगं मायला इंग्रजीत काय म्हणायचं? पुस्तकात होतं, दुःख झालं की अलास. मी म्हणलो, शी इज सेइंग, अलास. तो म्हणला, अलास? व्हेअर इज अलास? त्याला वाटलं अलास हे लेकराचं नाव हाय. त्यानं सगळ्यांना हाक मारली. ते दगडाला तोंड लावून अलास, अलास म्हणून आवाज द्यायला लागले. माझी जीभच उचलंना. चिन्ह बोलताना दिसत न्हाई, मॅडम. लिहिलं असतं तर त्याला कळलं असतं की हे नाव न्हाई, उद्गार हाय. अर्धा दिवस ते खणत होते. नसलेल्या पोराला. पलीकडच्या गल्लीत कुणी जितं असंल, तर? मी रोज शिकवतो आणि रोज मला ते आठवतंय."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी तिकडं परत कधी गेलो न्हाई," सर म्हणाले. "आता ती पाया पडायली. हे मला न्हाई सोसत. मला तिला सांगावं लागंल. तुम्ही येता का संगं?"

रविवारी आम्ही औशावरून एसटीनं गेलो. जुनं गाव सोडून माळावर वसवलेलं नवं गाव, एकसारखी सिमेंटची घरं, सरळ रस्ते. सोजरबाईंनी दारातल्या लिंबाखाली घोंगडी टाकली. सर बसले नाहीत. वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. अलासचं, म्होरक्याचं, अर्ध्या दिवसाचं, पलीकडच्या गल्लीचं. महानंदा दाराशी उभी राहून ऐकत होती. सांगून झाल्यावर सर म्हणाले, "मी देवमाणूस न्हाई, बाई. माझी चूक होती ती."

सोजरबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

सरांना कळलंच नाही. "काय ठावं हाय?"

"त्ये दुसऱ्याच कुणाला हाका मारायलेत, हे मला तवाच कळलं. माझ्या सासूचं नाव काय अलास व्हतं का? शेजारीण म्हणली सुदिक, सोजर, हे कुणाला धुंडायलेत? मी म्हणलं, गप. हितं कुणी अलास न्हाई असं म्या म्हणले असते तर गेले असते ना ते निघून. म्हणून म्या रडत राहिले. कुदळ चालू व्हती, सर."

त्यांनी पदर सोडून सरांकडं पाहिलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, "आन् पलीकडच्या गल्लीचं तुम्ही मनात ठिवू नका. तिकडं लष्कराची माणसं सकाळधरनं व्हती. आमच्याच गल्लीत कुणी नव्हतं. म्या दुसऱ्या दिवशी पाया पडायला तुम्हाला हुडकलं, तर तुम्ही गेलते."

मुनीर सर घोंगडीवर बसले. त्यांनी चष्मा काढला, डोळ्यांवर हात धरला आणि तसेच राहिले. सोजरबाई उठून आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं.

"काय नाव होतं त्यांचं?" सरांनी विचारलं.

"भागीरथी."

"भागीरथीबाई," सर हळू म्हणाले.

मग सोजरबाई सांगत सुटल्या. सासू कशी होती, भांडखोर होती पण भाकरी मोडून आधी सुनेला द्यायची, तिला चहाचं वेड कसं होतं, जत्रेत हरवायची कशी. आम्ही ऐकत जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोडक्याची भाजी. मधेच त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण हाय तुमच्या?"

"कुणी न्हाई," सर म्हणाले.

सोजरबाईंनी सरांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. निघताना म्हणाल्या, "पितरपाठात सासूचं पान वाढत असतो आम्ही. यंदा जेवायला तुम्ही या."

"मी? चालंल का मी?"

"तिला बाहेर कुणी आणलं? दुसरं कुणाला बलवू मग?"

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. रस्त्याला खड्डे होते, गाडी आदळत होती, लोक काय काय म्हणत होते. सरांचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. औसा मागं पडल्यावर ते माझ्याकडं वळले. लहान मुलानं विचारावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

"मॅडम, आपल्याला माहीत न्हाई म्हणून विचारतो. पितराच्या जेवणाला जाताना हातात काय न्यायचं असतंय?"

"काही नाही सर," मी म्हणाले. "भूक न्यायची."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "तरी थोडी चहापत्ती नेऊ. भागीरथीबाईंना चहा आवडायचा ना."